विंडोजच्या अंगभूत स्क्रीन सेव्हरमधील छुप्या सेटिंग्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात संगणक दुरुस्तीचे आणि शिकवण्याचे काम करताना स्क्रीन सेव्हरविषयीचे तेच ते प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिले. कधी सीताबर्डीच्या एखाद्या दुकानातून, कधी महालातल्या अभ्यासिकेतून, तर हिवाळी अधिवेशन जवळ आले की कार्यालयांतून. त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे विंडोज १० आणि विंडोज ११ समोर ठेवून लिहिली आहेत. विंडोज ७ वरही त्यांतील बहुतेक तशीच लागू पडतात. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा न देता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आजच्या पडद्यांना स्क्रीन सेव्हरची खरोखर गरज आहे का?

पडदा वाचवण्यासाठी बहुतेकांना नाही. जुन्या काचेच्या, खोक्यासारख्या मॉनिटरमध्ये आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असे. एकच चित्र तासन्‌तास स्थिर राहिले की तो थर त्या जागी झिजून चित्राची कायमची सावली उमटत असे. त्यावर उपाय म्हणून जॉन सोचा यांनी लिहिलेला 'स्क्रनसेव्ह' हा छोटा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३ मध्ये 'सॉफ्टटॉक' मासिकात छापून आला. तीन मिनिटे कळफलकाला हात लागला नाही की तो पडदा काळा करी. आजच्या एलसीडी पडद्याला हा धोका फारसा नसतो. ओएलईडी पडद्याला मात्र तो आहे, परंतु तेथेही नक्षी फिरवत ठेवण्यापेक्षा पडदा बंद होऊ देणे अधिक चांगले. तेव्हा आज स्क्रीन सेव्हरची कामे दोनच उरली आहेत: जागेवरून उठल्यावर संगणक आपोआप कुलूपबंद करणे आणि डोळ्यांना बरे वाटणे. पुढील सर्व उत्तरे या दोन कामांच्या हिशेबानेच वाचावीत.

२. विंडोज ११ मध्ये स्क्रीन सेव्हरची खिडकी सापडतच नाही. ती काढून टाकली आहे का?

काढलेली नाही, मागे सारली आहे. सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन', त्यात 'लॉक स्क्रीन' आणि त्या पानाच्या तळाशी 'स्क्रीन सेव्हर' असा तिचा रस्ता आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत स्क्रीन सेव्हर हे शब्द इंग्रजीत टाइप केले तरी ती थेट उघडते. यादीत 'थ्रीडी टेक्स्ट', 'ब्लँक', 'बबल्स', 'मिस्टिफाय', 'फोटोज' आणि 'रिबन्स' ही नावे दिसतील. नव्या संगणकावर मुळात 'नन' (म्हणजे कोणताच नाही) निवडलेले असते, त्यामुळे अनेकांना ही सोय आहे हेच ठाऊक नसते.

३. 'बबल्स' निवडून 'सेटिंग्ज' दाबले, तर बदलण्याजोगे पर्यायच नाहीत असा संदेश येतो. मग छुप्या सेटिंग्ज आहेत कुठे?

संदेश अर्धा खरा आहे. 'बबल्स', 'रिबन्स' आणि 'मिस्टिफाय' यांचे आजचे रूप २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासूनचे आहे आणि त्यांना पर्यायांची खिडकी जोडलेलीच नाही. मात्र हे प्रोग्रॅम सुरू होताना रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या कोठारातील, ठराविक जागी डोकावतात आणि तेथे ओळखीच्या नावाची व्हॅल्यू, म्हणजे एका सेटिंगची नोंद, सापडली तर तिच्याप्रमाणे वागतात. व्हॅल्यू नसेल तर स्वतःच्या पोटातील मूळ आकडे वापरतात. म्हणजे दरवाजा आहे, फक्त त्याला मूठ नाही आणि पाटीही नाही. ही जागा कोणती, ते प्रश्न ४ मध्ये आहे. 'थ्रीडी टेक्स्ट' आणि 'फोटोज' यांना नेहमीची खिडकी असल्यामुळे त्यांच्यासाठी रजिस्ट्रीत जाण्याचे सहसा कारण पडत नाही.

४. रजिस्ट्रीत नेमके कोठे जायचे आणि कोणती काळजी घ्यायची?

विंडोजचे बटण व 'आर' एकत्र दाबून येणाऱ्या पेटीत 'रेजएडिट' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा (अक्षरे: आर, ई, जी, ई, डी, आय, टी). उघडलेल्या खिडकीत डावीकडे 'एचकेईवाय करंट युजर' उघडावे, मग अनुक्रमे 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'करंटव्हर्जन' आणि 'स्क्रीनसेव्हर्स' असे आत जावे. तेथे 'बबल्स', 'रिबन्स', 'मिस्टिफाय' अशी घरे, म्हणजे फोल्डरसारखे भाग, दिसतील. एखादे नसेल तर 'स्क्रीनसेव्हर्स'वर उजवी क्लिक करून 'न्यू', 'की' या मार्गाने त्याच नावाचे घर तयार करावे. घरात शिरल्यावर उजवीकडच्या रिकाम्या भागात उजवी क्लिक, 'न्यू', '३२-बिट डीवर्ड' असे करून नवी व्हॅल्यू तयार होते. संगणक ६४-बिटचा असला तरी येथे ३२-बिटचीच निवडावी.

काळजी एकच, पण ती टाळू नये: हात लावण्यापूर्वी 'स्क्रीनसेव्हर्स' या घरावर उजवी क्लिक करून 'एक्सपोर्ट' करावे आणि ती फाइल जपून ठेवावी. शेजारच्या घरांना हात लावू नये. या घरातील चुकीने फार तर स्क्रीन सेव्हर बिघडतो. रजिस्ट्रीच्या इतर भागांबद्दल तसे म्हणता येत नाही.

५. आपण नावे देवनागरीत देता. ती रजिस्ट्रीत कशी लिहायची?

रजिस्ट्रीत ती इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागतात. देवनागरीत लिहिलेली व्हॅल्यू स्क्रीन सेव्हर ओळखणार नाही. ही सर्व नावे नेहमीच्या इंग्रजी शब्दांची असून मधली जागा न सोडता जोडलेली आहेत. 'मटेरियलग्लास' म्हणजे मटेरियल आणि ग्लास यांचे साधे स्पेलिंग, एकमेकांना चिकटवून. संक्षेप दोनच आहेत: 'नम' हे नंबरचे पहिल्या तीन अक्षरांचे रूप, आणि 'एफओव्ही' (दृश्याचा कोन) ही तीन सुटी अक्षरे. लहान-मोठ्या लिपीचा फरक रजिस्ट्री मानत नाही. स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरक मात्र ती पुरता मानते, आणि चूक झाल्याचे सांगतही नाही. आकडेही इंग्रजी अंकांतच टाइप करावेत.

६. 'बबल्स'मध्ये काय काय बदलता येते?

सर्वांत उपयोगाच्या व्हॅल्यू पाच. त्यांतील तीन साध्या हो-नाही प्रकारच्या आहेत, म्हणजे १ किंवा ० घेणाऱ्या.

'मटेरियलग्लास' १ असेल तर फुगे साबणाच्या फुग्यांसारखे पारदर्शक दिसतात, ० केल्यास भरीव आणि धातूसारखे चकचकीत होतात. पहिल्यांदा हाच बदल करून पाहावा, कारण फरक लगेच दिसतो आणि आपण योग्य घरात आहोत याची खात्री पटते. 'शोशॅडोज' फुग्यांची सावली दाखवते वा लपवते. 'शोबबल्स' हे नाव फसवे आहे: त्याने फुगे लपत नाहीत, तर १ असताना फुगे उघड्या डेस्कटॉपवरून तरंगतात आणि ० केल्यावर मागे काळी पार्श्वभूमी येते.

या शेवटच्या व्हॅल्यूवर थोडे थांबले पाहिजे. 'बबल्स' नेहमीच्या रूपात पडद्यावर उघडी असलेली फाइल झाकत नाही. खातेउतारा, प्रश्नपत्रिका, रुग्णाचा अहवाल, जे काही समोर असेल ते फुग्यांच्या आडून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येते. ज्या टेबलासमोर लोकांची रांग लागते तेथे एक तर हे ० करावे किंवा सरळ 'ब्लँक' वापरावा.

'टर्ब्युलन्सनमऑक्टेव्ह्ज' १ पासून २५५ पर्यंतची संख्या घेते आणि फुग्यांच्या भरकटण्याची तऱ्हा बदलते. पाचवी व्हॅल्यू 'रेडियस', फुग्याचा आकार. सर्वाधिक प्रश्न तिच्याविषयीच येतात, म्हणून तिला पुढचा प्रश्न स्वतंत्र दिला आहे. आकार वाढवला की पडद्यावर कमी फुगे मावतात.

७. 'रेडियस'मध्ये ५० टाकले तर काहीच धड होत नाही. लोक १११२०१४८४८ असे अगडबंब आकडे का सांगतात?

हे एक कोडे उलगडले की बाकी सगळ्या सेटिंग्ज आपोआप उलगडतात, म्हणून उत्तर लांबवत आहे.

रजिस्ट्रीतील डीवर्ड म्हणजे ३२ बिटांची पेटी. रजिस्ट्री एडिटर त्या पेटीतील मजकूर पूर्णांक म्हणून दाखवतो. परंतु स्क्रीन सेव्हर त्याच ३२ बिटांकडे दशांश संख्या म्हणून पाहतो, आणि दशांश संख्या बिटांत मांडण्याची पद्धत, म्हणजे आयईईई ७५४ हे मानक, पूर्णांकांपेक्षा अगदी निराळी आहे. त्यात पहिला बिट चिन्हाचा, पुढचे आठ घातांकाचे आणि उरलेले तेवीस संख्येच्या तपशिलाचे असतात. त्यामुळे आपण ५० टाइप केले की स्क्रीन सेव्हरला ते शून्याला चिकटलेल्या, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म संख्येसारखे भासते. आणि त्याला खरोखर ५० सांगायचे असेल, तर त्या बिटांचे पूर्णांकी वाचन १११२०१४८४८ असे येते. आकडा अगडबंब नाही. तो वेगळ्या लिपीत लिहिलेला ५० आहे.

या लिपीची बाराखडी सोपी आहे. १ या दशांश संख्येसाठी १०६५३५३२१६ लिहायचे. संख्या दुप्पट करायची असेल तर त्यात ८३८८६०८ मिळवायचे, निम्मी करायची असेल तर तेवढेच वजा करायचे. त्यानुसार २ साठी १०७३७४१८२४, ४ साठी १०८२१३०४३२, ८ साठी १०९०५१९०४०, १६ साठी १०९८९०७६४८, ३२ साठी ११०७२९६२५६, ६४ साठी १११५६८४८६४ आणि १२८ साठी ११२४०७३४७२ येतात.

मधल्या संख्या काढायच्या तर दोन टप्प्यांमधले अंतर सारख्या प्रमाणात वाटायचे. १२ ही संख्या ८ आणि १६ यांच्या बरोबर मध्यावर आहे, म्हणून १०९०५१९०४० मध्ये ८३८८६०८ चे निम्मे म्हणजे ४१९४३०४ मिळवले की १०९४७१३३४४ हे उत्तर मिळते. १० ही संख्या त्याच पट्ट्यात पाव अंतरावर आहे, म्हणून तिला २०९७१५२ मिळवावे लागतात आणि १०९२६१६१९२ येतात. दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे होते. शाळकरी मुलांना मी हे वहीवर करायला लावतो आणि त्यांना तासाभरात जमते. मोठी माणसे मात्र तयार आकडा मागतात.

'रेडियस'साठी साधारण १०९००००००० ते ११३००००००० हा पट्टा सुचवला जातो. वरच्या बाराखडीने वाचले तर तो सुमारे ७.७५ पासून सुमारे २१८ पर्यंतचा आहे, म्हणजे लहान टोकापासून मोठ्या टोकापर्यंत आकार जवळजवळ अठ्ठावीस पट होतो. यावरून एक गोष्ट लक्षात येईल: आकड्यात हजार-दोन हजारांची भर घालून काहीच फरक दिसत नाही अशी तक्रार अनेक जण करतात, पण या लिपीत हजार म्हणजे काहीच नव्हे. पावले निदान दहा लाखांची टाकावीत.

८. 'रिबन्स' आणि 'मिस्टिफाय' यांच्या व्हॅल्यू कोणत्या?

'रिबन्स'च्या घरात 'नमरिबन्स' ही फितींची संख्या १ ते २५६ या दरम्यान घेते. ती साधी पूर्णांक आहे, प्रश्न ७ ची लिपी तिला लागत नाही. 'रिबनविड्थ' ही फितीची रुंदी मात्र दशांशाच्या लिपीतच द्यावी लागते, आणि ती १ पेक्षा पुष्कळ लहान असते: ०.०१ साठी १००८९८१७७०, दुप्पट म्हणजे ०.०२ साठी १०१७३७०३७८, ०.०५ साठी १०२८४४३३४१ आणि ०.१ साठी १०३६८३१९४९. 'ब्लर' १ असेल तर फितींच्या मागे पुसट माग राहतो, ० केल्यास राहत नाही.

'मिस्टिफाय'मध्ये 'नमलाइन्स' ही रेघांची संख्या, 'लाइनविड्थ' ही जाडी आणि 'कॅमेराएफओव्ही' हा दृश्याचा कोन, अशी नावे आहेत. पहिली साधी, उरलेल्या दोन दशांशाच्या. येथेही 'ब्लर' चालते. माझा अनुभव असा, की 'रिबन्स'मध्ये दोनच रुंद फिती ठेवल्या तर तो सर्वांत देखणा दिसतो आणि २५६ केल्या तर पडद्यावर रंगपंचमी होते. जुन्या संगणकाचा श्वासही त्यात कोंडतो.

९. आकडा बरोबर टाकला, तरी फरक दिसत नाही. संगणक बंद करून चालू करावा का?

गरज नाही. स्क्रीन सेव्हर दर वेळी सुरू होताना रजिस्ट्री नव्याने वाचतो, म्हणून खिडकीतील 'प्रिव्ह्यू' दाबणे पुरेसे आहे. फरक न दिसण्याची कारणे नेहमीची चारच: स्पेलिंगमधली चूक (प्रश्न ५), व्हॅल्यू चुकीच्या घरात तयार होणे, डीवर्डऐवजी दुसरा प्रकार निवडला जाणे, किंवा आकडा टाकताना 'डेसिमल' न निवडणे. शेवटचे कारण सर्वाधिक आढळते, म्हणून पुढील प्रश्न.

१०. 'हेक्साडेसिमल' आणि 'डेसिमल' यांत काय निवडायचे?

या पानावरील सर्व आकडे दशमान, म्हणजे 'डेसिमल' आहेत. रजिस्ट्री एडिटर मात्र पेटी उघडताना 'हेक्साडेसिमल', म्हणजे सोळाच्या पटीत मोजणारी षोडशमान पद्धत, निवडूनच उघडतो. ते न बदलता 'नमलाइन्स'मध्ये २० लिहिले तर ३२ रेघा येतात, आणि 'नमरिबन्स'मध्ये १०० लिहिले तर २५६ फिती. आधी 'डेसिमल'वर टिचकी, मग आकडा, हा क्रम हाताला लावून घ्यावा.

११. प्रयोग फसला. मूळ रूप परत कसे आणायचे?

आपण तयार केलेली व्हॅल्यू पुसून टाकावी, एवढेच. व्हॅल्यू नसली की प्रोग्रॅम आपले मूळ आकडे वापरतो (प्रश्न ३). नेमकी कोणती बदलली ते आठवत नसेल, तर प्रश्न ४ प्रमाणे जपलेली फाइल वापरण्याआधी ते अख्खे घर पुसावे. कारण ती फाइल नुसती दुहेरी क्लिक केल्यास जुन्या व्हॅल्यू परत येतात, पण नव्याने घातलेल्या व्हॅल्यू निघून जात नाहीत.

१२. अभ्यासिकेतील वीस संगणकांवर एकसारखा स्क्रीन सेव्हर हवा आहे. प्रत्येकावर हे सर्व करावे लागेल का?

नाही. एका संगणकावर मनासारखे जमवून ते घर 'एक्सपोर्ट' करावे, फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि प्रत्येक संगणकावर दुहेरी क्लिक करून होकार द्यावा. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. मात्र तिच्यात आकडे षोडशमानात दिसतात, त्यामुळे ४० या त्रिज्येचे ११०९३९३४०८ तेथे ४२२००००० असे दिसले तर गोंधळून जाऊ नये. संगणक दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने उघडला जात असेल, तर पुढील प्रश्नही वाचावा.

१३. माझ्या खात्यात बदल दिसतो, पण मुलाच्या खात्यात नाही. असे का?

'करंट युजर' या नावातच त्याचे उत्तर आहे. ते घर त्या क्षणी लॉगिन असलेल्या व्यक्तीचे असते. मुलाच्या खात्यात शिरून तीच फाइल पुन्हा चालवावी. कोणीही लॉगिन नसताना, म्हणजे नाव विचारणाऱ्या पडद्यावर चालणारा स्क्रीन सेव्हर तिसराच: त्याच्या व्हॅल्यू 'एचकेईवाय युजर्स'मधील 'डॉट डीफॉल्ट' या घरात असतात. तेथे बदल करण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि घरगुती वापरात त्याची गरज क्वचितच पडते.

१४. खिडकीत कमीत कमी एक मिनिट देता येते. मला तीस सेकंद हवे आहेत.

'करंट युजर', 'कंट्रोल पॅनल', 'डेस्कटॉप' या घरात 'स्क्रीनसेव्हटाइमआउट' अशी व्हॅल्यू आहे. ती डीवर्ड नसून मजकूर प्रकारची आहे आणि वेळ सेकंदांत मोजते. दहा मिनिटांसाठी तेथे ६०० असतात. ३० लिहून एकदा लॉगआउट करावे आणि परत यावे. त्यानंतर स्क्रीन सेव्हरच्या खिडकीत काही बदलून 'ओके' दाबले, तर मिनिटांचा आकडा पुन्हा वरचढ ठरतो. वाचत बसणाऱ्यांसाठी तीस सेकंद फार त्रासदायक असतात हे आधीच सांगतो. अभ्यासिकेत हा प्रयोग दोन दिवसांत मागे घ्यावा लागला होता.

१५. 'ऑन रिझ्यूम' च्या (परतताना पासवर्ड मागण्याच्या) चौकटीत खूण केली आहे, तरी माऊस हलवल्यावर कधी कधी पासवर्ड न विचारता पडदा उघडतो.

ही चूक नव्हे, सवलत आहे. स्क्रीन सेव्हर सुरू झाल्यानंतरचे पहिले पाच सेकंद विंडोज पासवर्ड मागत नाही, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला उगाच टाइप करावे लागू नये. ही मुदत 'लोकल मशीन', 'सॉफ्टवेअर', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज एनटी', 'करंटव्हर्जन', 'विनलॉगऑन' या घरातील 'स्क्रीनसेव्हरग्रेसपीरियड' या व्हॅल्यूने बदलता येते. ० केल्यास कुलूप तत्काळ लागते. हे घर साऱ्या संगणकाचे असल्याने प्रशासकाचे अधिकार लागतात.

१६. डेस्कटॉपवर शॉर्टकट करून हवा तेव्हा स्क्रीन सेव्हर सुरू करता येईल का?

येईल. 'सी' ड्राइव्हवरील 'विंडोज'मधल्या 'सिस्टीम३२' या फोल्डरात 'एससीआर' या शेपटीच्या फाइली असतात. हे अंगभूत स्क्रीन सेव्हरच होत. हव्या त्या फाइलचा शॉर्टकट काढावा आणि त्याच्या 'टार्गेट'च्या शेवटी एक जागा सोडून तिरकी रेघ (/) व 'एस' हे अक्षर जोडावे. 'एस'ऐवजी 'सी' लिहिल्यास पर्यायांची खिडकी उघडते.

अपवाद महत्त्वाचा आहे: असा हाताने सुरू केलेला स्क्रीन सेव्हर संगणकाला कुलूप लावत नाही, 'ऑन रिझ्यूम'ला खूण असली तरीही. पासवर्ड मागणे हे विंडोजचे काम आहे, स्क्रीन सेव्हरच्या फाइलचे नाही, आणि येथे विंडोजला वाटते की आपण एखादा साधा प्रोग्रॅमच चालवला आहे. कुलूपच हवे असेल तर विंडोजचे बटण आणि 'एल' दाबावे.

१७. कार्यालयातील संगणकावर सर्व पर्याय फिके झाले आहेत. रजिस्ट्रीतून ते उघडता येतील का?

ते मुद्दाम बंद केलेले असतात. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे प्रशासकाने संगणकांसाठी ठरवलेल्या नियमांतून, प्रतीक्षेची वेळ, ठराविक स्क्रीन सेव्हर आणि पासवर्डची सक्ती ठरवता येते, आणि पॉलिसीचे घर वापरकर्त्याच्या घरापेक्षा वरचढ असते. आपण काहीही लिहिले तरी पॉलिसीचाच शब्द शेवटचा. या पळवाटा मला नियमितपणे विचारल्या जातात आणि मी त्या सांगत नाही. संगणक सांभाळणाऱ्या विभागाशीच बोलावे. बबल्सचा आकार वा रिबनची रुंदी यांना या पॉलिसीचा अडसर नसतो, पण अनेक ठिकाणी रजिस्ट्री एडिटरच बंद ठेवलेला असतो.

१८. वेळ दिली आहे, तरी स्क्रीन सेव्हर सुरूच होत नाही.

आधी 'पॉवर' सेटिंगमधील पडदा बंद होण्याची वेळ पाहावी. ती पाच मिनिटे आणि स्क्रीन सेव्हरची दहा असेल, तर स्क्रीन सेव्हर सुरू होईपर्यंत पडदा झोपलेला असतो. दुसरा संशयित माऊस. काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर ऑप्टिकल माऊसचा बाण आपोआप थरथरतो आणि विंडोजला वाटते की कोणीतरी काम करत आहे. माऊस उलटा ठेवून पाहावे. कूलरच्या झोताने हलणाऱ्या टेबलावरही मी हेच पाहिले आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत ही तक्रार का वाढते याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

१९. पडद्यावर मराठीत दुकानाचे नाव फिरवता येईल का?

'थ्रीडी टेक्स्ट'च्या खिडकीत मजकूर, फॉन्ट, फिरण्याची पद्धत, वेग आणि पृष्ठभाग हे सर्व बदलता येते. त्यात मराठी फॉन्ट निवडून पाहावे; जोडाक्षरे आणि वेलांट्या मनासारख्या उमटल्या नाहीत, तर खात्रीचा मार्ग 'फोटोज'चा आहे. नाव हव्या त्या अक्षरांत लिहून चित्र म्हणून जतन करावे आणि ते एका वेगळ्या फोल्डरात ठेवून 'फोटोज'ला तो फोल्डर दाखवावा. मारबतीच्या मिरवणुकीची किंवा फुटाळा तलावावरील संध्याकाळची आपली छायाचित्रे त्यातच मिसळली तर गिऱ्हाईक थोडे रेंगाळते. 'फोटोज'मध्ये मंद, मध्यम आणि जलद असे तीनच वेग मिळतात.

२०. नागपूरच्या उन्हाळ्यात स्क्रीन सेव्हरमुळे संगणक तापतो का? वीज वाचते का?

वीज वाचत नाही. चालू पडदा चालूच राहतो आणि वर ग्राफिक्सला नक्षी काढण्याचे काम लागते. पारा ४५ अंशांवर असताना, बिनवातानुकूलित खोलीत, फितींची संख्या भरमसाठ वाढवलेला 'रिबन्स' दिवसभर फिरवणे म्हणजे पंख्याला उगाच राबवणे होय. मे महिन्यात 'ब्लँक' आणि पाच मिनिटांनी पडदा बंद, ही जोडी लावावी. इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल तर बाराही महिने.

२१. इंटरनेटवर तयार 'ट्वीकर' (छुप्या सेटिंग्ज बदलून देणारे प्रोग्रॅम) आणि नवे स्क्रीन सेव्हर मिळतात. ते उतरवावेत का?

या पानावरील कोणत्याही कामासाठी ट्वीकर लागत नाही. तो याच व्हॅल्यू लिहितो. बाहेरच्या स्क्रीन सेव्हरविषयी मी अधिक कडक आहे. 'एससीआर' फाइल ही चित्र वा व्हिडिओ नसते, तर नाव बदललेला पूर्ण प्रोग्रॅम असतो. ती दुहेरी क्लिकसरशी चालते आणि चालवणाऱ्याचे सारे अधिकार तिला मिळतात. मेलमधून आलेली अशी फाइल न उघडता पुसावी, ओळखीच्या पत्त्यावरून आली असली तरी.

२२. जुन्या विंडोजमधला नळ्यांचा 'पाइप्स' परत आणता येतो का?

व्हिस्टापासून तो विंडोजसोबत येत नाही. आपल्याकडे विंडोज एक्सपीची अधिकृत प्रत असेल, तर तिच्यातील फाइल नव्या संगणकावर चालवून पाहता येते. अनोळखी ठिकाणाहून उतरवण्याविषयी प्रश्न २१ पाहावा. त्याला स्वतःची पर्यायांची खिडकी होती आणि एक गंमतही: क्वचित एखाद्या सांध्याच्या जागी चहाची किटली उगवे. संगणकीय चित्रकलेत प्रसिद्ध असलेली ही किटली मार्टिन नेवेल यांनी १९७५ साली युटा विद्यापीठात घडवली होती. 'थ्रीडी टेक्स्ट'च्या जुन्या आवृत्तीत मजकुराच्या जागी 'व्होल्कॅनो' लिहिले की ज्वालामुखींची नावे फिरू लागत.

२३. लिनक्सवरही असेच करता येते का?

तेथे हे फार सोपे आहे, कारण काही लपवलेलेच नाही. जेमी झविन्स्की यांनी १९९२ साली सुरू केलेल्या 'एक्सस्क्रीनसेव्हर'मध्ये दोनशेहून अधिक नक्षी आहेत. बहुतेक पर्याय खिडकीतच मिळतात. उरलेले आपल्या होम फोल्डरातील, नावाच्या आधी टिंब असलेल्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेले असतात. तेथे ५० म्हणजे ५०च.